मागाच्या शेडमधला बँड

सोलापुरात तेव्हा बँड म्हटलं की लोक लग्नाची तारीख विचारायचे. आमचा बँड तसला नाही, आमचा रॉक बँड आहे, हे सांगता सांगता माझं तोंड दुखायचं. कॉलेजातली आम्ही चौघं. मी गाणार आणि गिटार वाजवणार, जोडीला आणखी एक गिटारवाला, एक बेसवाला आणि एक ड्रमर. वाद्यं कशीबशी जमली, पण तालमीला जागा मिळेना. आमच्या घरी, म्हणजे वडिलांच्या धान्याच्या दुकानावरच्या खोल्यांत, पहिलं गाणं अर्ध्यावर येईतोवर आईनं स्वयंपाकघरातून "साकु, साकु" सुरू केलं. आई मैंदर्गीकडची, चिडली की कन्नडवर यायची. साकु म्हणजे पुरे. बेसवाल्याकडे घरमालक दारात येऊन उभा राहिला. शेवटी ड्रमरच्या वडिलांनी आसरा दिला.

ते तेलुगू विणकरांचं घर. पूर्व भागात त्यांची टॉवेल विणायची छोटी शेड होती आणि तिच्या मागच्या अंगाला सुताची पोती ठेवायची जागा होती. "हितं वाजवा," ते म्हणाले, "बघू कोण तक्रार करतंय." खरोखर कुणी केली नाही. करणार कशी? यंत्रमाग चालू असायचे. ज्यानं मागाची शेड पाहिलेली नाही त्याला तो गोंगाट सांगून कळायचा नाही. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडं आपटत असतो, पायाखालची फरशी थरथरत असते आणि थोड्या वेळानं आपण बोलतोय की नुसता विचार करतोय हेही समजेनासं होतं. अशा ठिकाणी आम्ही रॉक वाजवत होतो. आमचा अॅम्प्लिफायर त्या मागांपुढं अगदी बिचारा वाटायचा.

सुरुवातीला नुसता सावळागोंधळ. मी एका कडव्यात, बेसवाला दुसऱ्यात, आणि दुसरा गिटारवाला कुठं असायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. ड्रमरचे वडील एकदा काम थांबवून आमच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मला खूण करून ड्रमसेटकडं तोंड करायला लावलं, स्वतःच्या डोळ्यांकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "चूडु." आवाज ऐकू आला नाही, ओठांवरून कळलं. चूडु म्हणजे बघ. शेडमधली माणसं अशीच बोलायची. आवाज न काढता, ओठ मोठे मोठे हलवून, भुवया उडवून, बोटं नाचवून. या टोकाच्या मागावरून त्या टोकाला निरोप जायचे, चहा सांगितला जायचा, थट्टा व्हायची, कडाक्याची भांडणंसुद्धा व्हायची. आम्ही ती रीत उचलली. गाणं सुरू करायचं की ड्रमर हनुवटी उचलायचा. कडवं संपत आलं की त्याचा डावा खांदा खाली यायचा. मी प्रत्येक शब्द ओठांवर एवढा ठसठशीत आणायचे की मी कुठं पोचलेय ते त्याला दिसावं. कानांचा प्रश्नच नव्हता. आम्ही एकमेकांना बघून वाजवायचो.

या रीतीचा घोटाळा कळला तो कॉलेजच्या गॅदरिंगला. सभागृहात शांतता, आणि आम्ही चौघं लोकांकडं पाठ करून ड्रमसेटभोवती कोंडाळं करून उभे. लोकांकडं तोंड करून वाजवायचं असतं हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आवाज एवढा चढवला होता की पुढच्या रांगेतल्या सरांनी कानांत बोटं घातली. मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते, कारण गाणं म्हणजे ओरडणं अशीच माझी समजूत. मागून कुणीतरी हाळी दिली, "अगं, इकडं बघ की!" मी वळले आणि संपलंच. ड्रमर दिसेना, तर मला पुढची ओळ येईना. गिटार नुसती गळ्यात लोंबत राहिली. खाली उतरल्यावर तो पोट धरधरून हसला. "काय बे, कुटं हरवलीस?" त्याची बोली अस्सल सोलापुरी, 'करतोय'ला 'करूलालोय'. तो सगळ्यांना बे म्हणायचा, मलाही. आईला ते अजिबात खपायचं नाही.

पुढं आम्ही सुधारलो. मी लोकांकडं तिरकी उभी राहायला शिकले, म्हणजे डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात तो राहायचा. इंग्रजी गाणी सोडून आम्ही आमची मराठी गाणी बांधायला लागलो, त्यात कुठं कन्नड ओळ, कुठं तेलुगू. गणपतीत एका मंडळानं बोलावलं, नवरात्रात दुसऱ्यानं. सांगोल्याला एका डाळिंबवाल्याच्या घरच्या कार्यक्रमात वाजवलं, तिथं पाहुण्यांना आम्ही आवडलो की नाही ते कळलं नाही, पण जेवण झकास होतं. कशाचीच फिकीर नव्हती. तालीम झाली की शेडच्या पायरीवर बसून शेंगाचटणी आणि कडक भाकरी खायची आणि कान बधिर झालेले असल्यामुळं तिथंही ओठांनीच बोलायचं. मी नंतर पुष्कळ चांगल्या वाजवणाऱ्यांबरोबर वाजवलं. तसं वाजवणं पुन्हा वाट्याला आलं नाही.

प्रेम होतं का, हे मला घरच्यांपासून वार्ताहरांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. नव्हतं. मला तो नवरा म्हणून नको होता, ड्रमर म्हणून हवा होता, आणि ही गोष्ट कुणाच्याच घशाखाली उतरत नाही. नवऱ्यासाठी एवढं झुरलं तर लोक समजून घेतात. ड्रमरसाठी झुरणारी बाई त्यांना कुठं बसवावी कळत नाही.

कॉलेज संपलं तसा बँडही संपला. भांडण वगैरे काही नाही. बेसवाला अकलूजला साखर कारखान्यात लागला, गिटारवाला बँकेच्या परीक्षा देत बसला. मला पुण्याच्या एका बँडनं गायला बोलावलं. त्यांच्याकडं ड्रमर होता. मी आमच्या ड्रमरला सांगायला शेडमध्ये गेले तेव्हा त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि माग तोच बघत होता. चालू मागाच्या पलीकडून त्यानं ओठांनीच म्हटलं, "जा की. हितं काय हाय?" मग स्टँडवर येऊन माझा अॅम्प्लिफायर त्यानंच एसटीत चढवला. कंडक्टरशी जागेवरून हुज्जत घातली, जिंकला, आणि खाली उतरून मला हनुवटी उचलून दाखवली. गाणं सुरू करताना उचलायचा तशी. गाडी शहराबाहेरच्या बाळे गावापुढं जाईपर्यंत माझं रडू थांबलं नाही.

पुण्याचा बँड सराईत होता. तालमीची खोली गाद्या लावून बंद केलेली, सगळ्यांच्या कानांत हेडफोन आणि हेडफोनात क्लिक, म्हणजे घड्याळासारखी टिकटिक, जिच्यावर सगळ्यांनी चालायचं. ड्रमर हुशार होता. पण तो डोळे मिटून वाजवायचा. कडवं बदलताना मी सवयीनं वळून बघायचे आणि तिथं दोन मिटलेल्या पापण्या. कुणी तोंडावर दार लावून घ्यावं तसं वाटायचं मला. मी गाताना तोंड वेडंवाकडं करते म्हणून तिथं माझी नक्कल व्हायची. मीही काही कमी नव्हते, एकदा क्लिकचं बटण बंद करून ठेवलं आणि वर त्यांनाच झापलं. तरी त्या बँडनं मला माणसांत आणलं. मोठे मंच मिळाले, गाणी रेकॉर्ड झाली. पहिली सीडी मी सोलापूरला त्याला टपालानं पाठवली. फोनवर तो म्हणाला, "पोचली की." ऐकलीस का विचारलं तर म्हणाला, "ऐकतो की, सवडीनं."

पुढचा बँड मुंबईचा. त्यांना लोकसंगीत आणि रॉक यांचं मिश्रण हवं होतं, आणि त्यासाठी मी नऊवारी नेसून, नथ घालून गिटार वाजवावी अशी त्यांची कल्पना. मी काही महिने ती नथ सहन केली. खरं सांगायचं तर लोकांना आवडायचं आणि लोकांना आवडलेलं मलाही आवडायचं. तिथला ड्रमर काचेच्या पेटीत बसायचा, आवाज बाकीच्या माइकात शिरू नये म्हणून. दिव्यांची तिरीप काचेवर पडली की त्याच्या जागी मला माझीच नथ दिसायची. एका कार्यक्रमानंतर मी ती काढून निवेदकाच्या हातात दिली आणि बँड सोडला.

मग एकटी. लोकांना वाटलं, आता हिची कारकीर्द बसली. उलट एकटीनंच मला नाव दिलं. पायाशी एक लूप पेडल, त्यात आपणच एक ओळ वाजवायची, ती फिरत राहते, तिच्यावर दुसरी रचायची. ताल मशीनचा. चूक नाही, उशीर नाही, रुसवे नाहीत. कॅफेंमध्ये वाजवलं, नाट्यगृहांत वाजवलं, परदेशात दोन-तीन वाऱ्या झाल्या. माझ्या स्पष्ट शब्दोच्चारांचं कुणीकुणी कौतुक लिहिलं, ते वाचून मी एकटीच हसले. मात्र प्रत्येक कार्यक्रमात मी तिरकीच उभी राहायचे. डावीकडं मागं कुणी नसायचं, नुसती पडद्याची घडी. कडवं बदलताना मी तिथंच बघायचे. एवढी वर्षं झाली तरी.

गेल्या वर्षी मी ठरवलं की पुढच्या अल्बममधलं निदान एक गाणं त्याच्या ड्रमवर करायचं. आमच्या जुन्या गाण्यांपैकी नाही, नवं. मी फोन लावले, त्यानं उचलले नाहीत. संदेशांना नुसता अंगठा. तेव्हा मी सरळ सोलापूरला गेले.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. ती शाळेचे गणवेश शिवते, गळ्यात टेप तशीच होती. "या की, किती दिवसांनी," म्हणाली आणि आत जाऊन त्याच्या दंडाला हात लावला. तेव्हा त्याला कळलं की कुणी आलंय. मी दारातून दोनदा हाक मारली होती.

माग विकले होते. जुने होते, भंगारात गेले. तो आता दुसऱ्याच्या कारखान्यात तयार मालाची तपासणी करत होता. कान गेले होते. एकदम नाही, हळूहळू, शेडमध्ये वाढलेल्या बऱ्याच जणांचे जातात तसे. "जाड आवाज कळतो," तो म्हणाला, "ट्रक, ढोल, गिरणी. बारीक सगळं गेलं. मशीन घातली कानात, तर भांडी आदळल्यावानी होतंय, काढून ठेवली." मी गाण्याचं बोलले. त्यानं मान हलवली. "न्हाय बे. तुझं आता नाव झालंय. गाणं खराब करून घिऊ नको."

मला राग आला. नाव झालंय म्हणजे काय, मी काय तुला पाहुणी वाटते का, असं मी म्हणाले, आणि तोही चिडला, आणि आम्ही भांडायला लागलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की आमच्या दोघांच्याही तोंडून आवाज निघत नव्हता. ओठ, भुवया आणि बोटं, शेडमधल्यासारखं. त्याची बायको शिवण सोडून बघत बसली होती. "अवो, निदान वरडून तरी भांडा की," ती म्हणाली, "शेजाऱ्यांस्नी वाटंल दोघं येडे झालेत." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "जेवताना ताट वाजवत असतात रोज. झोपेत पाय हलतोय. मी सांगते, घेऊन जावा त्यांस्नी." एवढं बोलून तिनं मशीन पुन्हा सुरू केलं. तो हसला आणि माळ्यावरचा ड्रमसेट काढायला स्टूल शोधू लागला.

रेकॉर्डिंग त्याच रिकाम्या शेडमध्ये केलं. पुण्याचा माझा रेकॉर्डिस्ट माइक आणि लॅपटॉप घेऊन आला. मागांच्या जागी फरशीवर तेलाचे काळे चौकोन राहिले होते, बाकी काही नाही. एवढी शांतता मी तिथं कधी अनुभवली नव्हती आणि मला ती आवडलीही नाही. क्लिक त्याला ऐकू येणार नव्हती. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "राहू दे ती. तुम्ही समोरासमोर बसा, मी बटण दाबतो." मी खुर्ची ड्रमसेटच्या अगदी पुढ्यात घेतली. त्याचे केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. त्यानं चष्मा पुसून पुन्हा लावला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हनुवटी उचलली.

कसं वाजलं ते मला सांगता येणार नाही. पहिल्या वेळेस हात आखडलेले होते, दुसऱ्या वेळेस सुटले. तिसऱ्या वेळेस मी कुठं आहे हे विसरले. डावा खांदा खाली आला की कडवं संपत होतं, मी ओळ जरा ताणली की तो थांबत होता, मी घाई केली की तोही पळत होता. इतकी वर्षं माझ्यापाशी काय नव्हतं ते मला बसल्याजागी कळत होतं आणि मी गात असल्यामुळं रडताही येत नव्हतं.

पुण्याला गेल्यावर रेकॉर्डिस्टनं मला बोलावून पडद्यावर दाखवलं. ताल सरळ नव्हता, सारखा मागंपुढं होत होता. "हे मी मशीनवर सरळ करू शकतो," तो म्हणाला, "पण बघा, तुम्ही जिथं जिथं श्वास घेतलाय तिथं तिथं तो थांबलाय. मला वाटतं हात लावू नये." आम्ही लावला नाही. गाणं तयार झालं तसं मी सगळ्यात आधी त्याला पाठवलं. अंगठासुद्धा आला नाही. आठवडा गेला, आणखी एक गेला. गाणं त्याला आवडलं नाही असं मी मनात धरून बसले, आणि परीक्षण वाईट आल्यावरही मला कधी झालं नव्हतं तेवढं वाईट वाटलं. शेवटी न राहवून पुन्हा गाडी पकडली.

दुपार होती. तो पायरीवर सावलीत बसला होता. मी समोर उभी राहून विचारलं, "ऐकलंस?"

"फोन छातीवर ठिवून ऐकलं," तो म्हणाला. "माझं ढोलकं कळलं. चांगलं वाजलंय. तुझा आवाज न्हाय कळला."

मी खांद्यावरची पिशवी पायरीवर ठेवली.

"तुझा आवाज मी कदीच ऐकला न्हाय, ठाव हाय का तुला?" तो म्हणाला. "बोलतीस ते ऐकलं, गातीस ते न्हाय. शेडमधी माग होते. स्टेजवर मी मागं, पुढं माझाच दणका. तू पुण्याला गेलीस, सीडी आली, तर त्याच्यात दुसरा वाजवूलालता. दोन मिंटं ऐकली आणि बंद केली. नंतरबी तुझे व्हिडिओ यायचे, तो दुसरा दिसला की मी बंद करायचो. मग तू एकटी गायला लागलीस. तवा म्हनलं, आता कोन न्हाय मागं, आता निवांत ऐकू." त्यानं कानाकडं हात नेला आणि खाली आणला. "तोवर हे गेले."

सीडी पोचली की, सवडीनं ऐकतो की. मला वाटायचं त्याला माझ्या गाण्याचं काही राहिलेलं नाही. आणि तो तिकडं मत्सरानं जळत होता, माझ्यासारखाच झुरत होता. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण तो ओरडणं ऐकणार नव्हता.

"बस हितं," त्यानं पायरीवर नाही, समोरच्या दगडावर बोट दाखवलं. "म्हण. सगळं म्हण, पहिल्यापास्नं."

गिटार आणली नव्हती. समोरच्या घरात नळाला पाणी आलं होतं, बायका घागरी घेऊन उभ्या होत्या, त्या बघायला लागल्या. मी म्हटलं. सगळं म्हटलं, आवाज काढून, शब्दन् शब्द ओठांवर आणून. तो पुढं झुकून बघत होता. त्याचे हात मांडीवर स्वस्थ होते, त्यानं तालसुद्धा धरला नाही. फक्त बघत होता. शेवटच्या ओळीला माझा आवाज फुटला, पण ते त्याला कळायचं कारण नव्हतं.

"मधी दमलीस," तो म्हणाला. "म्हातारी झालीस बे."

"तूही झालास," मी म्हणाले.

त्यानं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, डोळेही पुसले, आणि पुन्हा लावला.

"परत म्हण," तो म्हणाला. "सावकाश म्हण. मी ऐकूलालोय."